हैबतीचा पटका

या व्यवहारात कुणाच्या पदरात काय पडणार, याचा अंदाज मी आप्पांच्या घराचा लाकडी जिना चढतानाच बांधला होता. मिहिर साबडेच्या पदरात नवी आवृत्ती. रेवतीच्या पदरात पुस्तकावर छापलेलं तिचं पहिलं नाव. माझ्या पदरात स्कॅनिंगचं आणि छपाईच्या प्लेटांचं काम. पण सगळ्यांत मोठा वाटा आप्पा कंदलगावकरांचा. ऐंशी ओलांडलेल्या त्या चित्रकाराला त्याचा हैबती परत मिळणार होता, तोही जिवंतपणी. त्यामुळे घाईही सगळ्यांत जास्त त्यांनाच. दाढी करून, इस्त्रीचा पांढरा शर्ट चढवून ते सकाळपासून खुर्चीत बसून होते, आणि आमचं ठरलं होतं दुपारी तीनला.

"उशीर केलास की रं सर्जा," ते म्हणाले.

"आप्पा, अजून तीन वाजायचेत."

"मग घड्याळानं उशीर केला."

हौसावैनींच्या पदरात काय पडणार हे मी मोजलंच नव्हतं. आम्हाला बघून त्या चहा टाकायला आत गेल्या होत्या.

हैबती म्हणजे 'हैबती टपालवाला'. साबडे चित्रमालेच्या त्या पुस्तिका एके काळी कोल्हापूर-सांगलीपासून बेळगावपर्यंत पोरांच्या दप्तरात असायच्या. डोक्याला पटका, खांद्यावर टपालाची पिशवी, हातात घुंगरं बांधलेला भाला. वाघ येवो, पूर येवो, दरोडेखोर येवोत, हैबती पळत सुटायचा आणि पत्र पोचतं करायचा. गंमत अशी की त्याला स्वतःला वाचता येत नसे. कुणाच्या पत्रात काय आहे, हे दारात ते वाचलं जाईपर्यंत त्याला कळायचं नाही. आतल्या पानावर तळाशी बारीक अक्षरांत छापलेलं असे, 'चित्रे व रंग : द. कंदलगावकर'. पोरांना चित्रं आवडत, छापखान्याच्या धंद्यातले आमच्यासारखे लोक मात्र रंगांचं नाव काढत. तसल्या स्वस्त कागदावर तसले रंग दुसऱ्या कुणालाच जमले नव्हते.

पुढे साबड्यांचा छापखाना बंद पडला, हैबती रद्दीत गेला आणि साबडे पुण्याला गेले. आता साबडेशेठांचा नातू मिहिर आजोबांचा खजिना नव्या रंगात बाहेर काढणार होता. जाहिरातीची ओळही त्याने ठरवून आणली होती : 'रंगांच्या जादूगाराच्या देखरेखीखाली, संपूर्ण नव्या रंगांत.' आप्पांनी ती त्याच्याकडून दोनदा वाचून घेतली. दुसऱ्यांदा डोळे मिटून.

"फक्त तुमची मान्यता पाहिजे, आप्पासाहेब," मिहिर म्हणाला. "तुम्ही हो म्हटलंत की पुढच्या आठवड्यात छपाईला. नाही म्हटलंत तर आम्ही काय करणार, राहिलंच मग."

पुण्याचा माणूस धमकीसुद्धा किती स्वच्छ धुऊन देतो, ते मी बघत राहिलो.

रेवती चौगुले माझ्याच दुकानात कॉम्प्युटरवर काम करणारी पोरगी. रेषा आप्पांची तशीच ठेवून तिने खालचे रंग सगळे नव्याने भरले होते. तिने लॅपटॉप स्टुलावर ठेवला आणि पहिलं पान उघडलं. घाटात धुकं पसरलं होतं. आकाश एका कडेला जांभळं होत होत दुसऱ्या कडेला केशरी झालं होतं. हैबतीच्या दंडाचा स्नायू न् स्नायू चमकत होता, भाल्याच्या टोकावर ठिणगी होती.

वैनी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या आणि आप्पांच्या खांद्यावरून वाकून बघू लागल्या.

"ह्याला ताप भरलाय व्हय?" त्या म्हणाल्या. "एवढा घाम का आलाय?"

रेवती हसली. "घाम नाही वैनी, ते उजेड पडल्यासारखं दिसावं म्हणून. हल्ली असंच करतात."

"आसंल. पण पळून पळून दमलाय बाई."

"तू गप गं," आप्पा म्हणाले. "पुढचं दाव, पोरी."

पुढचं, त्याच्या पुढचं. प्रत्येक पानाला आप्पा मान डोलवत होते. एखाद्या पानाशी थांबून "ह्यो वाघ बघ, ह्यो मी पन्हाळ्याच्या वाटंवर बसून काढलेला," असं सांगत होते. रंगाबद्दल ते एक अक्षर बोलत नव्हते. मोठे लोक किरकोळ बाबीत पडत नाहीत, असं मी मनाशी म्हटलं.

मग रेवतीने तिची अडचण काढली. "आप्पा, हैबतीचा पटका. जुन्या अंकांत कुठे तांबडा आहे, कुठे शेवाळी हिरवा. एकाच अंकात सुद्धा बदलतो. या पानावर तांबडा, दोन पानं पुढे शेवाळी, मग परत तांबडा. मी सरांना विचारलं, तर सर म्हणाले त्या काळच्या छपाईतली चूक असणार."

सर म्हणजे मी. तसं म्हणालो होतो खरा.

"चूकच ती," आप्पा म्हणाले. "ह्याचा आजा लई चिक्कू. शाई संपली की जी शिल्लक आसंल ती वतायचा."

मिहिरला हसावं की आजोबांची बाजू घ्यावी ते कळेना. "जे असेल ते असो, आता एकच रंग ठरवू. उद्या दप्तरावर, पाण्याच्या बाटलीवर हैबती येणार. पोरांनी लांबून पटका बघून ओळखला पाहिजे."

"तांबडा," आप्पा म्हणाले. "हैबतीचा पटका तांबडाच. ईचारायचं काय त्यात?"

"कुठला तांबडा तेवढं सांगा, म्हणजे तोच सगळीकडे घेते." रेवतीने जुन्या अंकांतून उचललेले पटक्याचे रंग पडद्यावर एका ओळीत मांडले. दोन-तीन तांबडे, एक-दोन शेवाळी.

आप्पा पुढे सरकले. सगळ्या ओळीवरून एकदा नजर फिरवली आणि बोट टेकवलं.

"ह्यो. अस्सल तांबडा."

बोट शेवाळी चौकोनावर होतं. विहिरीच्या पायरीवर असतो तो रंग.

मिहिरने रेवतीकडे बघितलं, रेवतीने माझ्याकडे. मी चहाच्या कपात बघितलं. खाली गाडीवाला केळी ओरडत होता.

"चष्मा कुठाय तुमचा?" वैनी म्हणाल्या. "जवळचं बघायचं आन् चष्मा खिशात. कितींदा सांगायचं ह्यांना." त्यांनी आप्पांच्या खिशातून चष्मा काढला, पदराने पुसला, त्यांच्या नाकावर ठेवला. ते करता करता त्यांचा दुसरा हात आप्पांच्या हातावर आला, आणि ते बोट त्यांनी पडद्यावर दोन चौकोन अलीकडे आणलं. पाटीवर पोराचा हात धरून अक्षर गिरवतात ना, तितक्या सहज.

"आता बघा."

"हां," आप्पा म्हणाले. "ह्योच. मगाशी उजेड पडला हुता पडद्यावर."

बोट तांबड्यावर होतं. मिहिरचा जीव भांड्यात पडला. त्याने लगेच मान्यतेचा कागद काढला आणि आप्पांच्या पुढ्यात ठेवला. आप्पा पेनचं टोपण शोधत होते तेव्हा रेवतीने रिकामे कप उचलले आणि मला डोळ्यांनी खुणावलं. मी तिच्या पाठोपाठ स्वयंपाकघरात गेलो.

वैनी मोरीपाशी उभ्या होत्या.

"वैनी," रेवती हळू आवाजात म्हणाली, "आप्पांना तांबडा दिसत नाही ना?"

"दिसतो की. तांबडा दिसतो, शेवाळी दिसतो. दोन्ही एकच दिसतात, एवढंच." त्यांनी कप तिच्या हातातून घेतले. "लगीन झाल्यावर तांबडी बघून टमाटी आणा म्हणून धाडलं, तर निम्मी कच्ची घेऊन आले. तवा कळलं मला. त्यांनी पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं, कुणाला सांगू नको म्हणून. हैबतीच्या आधी पोस्टरच्या कारखान्यात हे रेघा काढायला, रंग भरणारी मानसं दुसरी. तिथं काय कुणाला पत्ता लागला न्हाई."

"आणि हैबती?" मी विचारलं. "त्याचे रंग कुणी केले?"

वैनींनी नुसतं स्वतःच्या हातांकडे बघितलं आणि नळ सोडला.

त्या काळी रंगीत चित्र छापायचं तर प्रत्येक पानावर तीन पारदर्शक कागद लागत. एक पिवळ्याचा, एक तांबड्याचा, एक निळ्याचा. ज्या जागी जो रंग हवा, ती जागा त्या कागदावर काळ्या शाईने भरायची. पटका तांबडा पाहिजे तर तो पिवळ्याच्या आणि तांबड्याच्या कागदावर भरायचा. शेवाळी पाहिजे तर तांबड्याच्या जागी निळ्याचा कागद घ्यायचा. हाताखाली सगळं काळंच. रंग डोळ्यांना दिसणार तो थेट अंक छापून आल्यावर. आम्ही धंद्यातली माणसंही त्यात गोंधळायचो. ही बाई भांडी झाल्यावर दुपारी त्या कागदांपाशी बसायची आणि काळ्या ठिपक्यांत जांभळी करवंदं, गव्हाळ माणसं, पावसाआधीचं आभाळ बघायची.

"म्हणजे पटक्याची चूक नव्हती," रेवती म्हणाली.

"चूक कशी आसंल?" वैनी हसल्या. "शाई काय दर येळी वाईट बातमीलाच संपंल?"

मी तिथल्या फळीला टेकलो. मला आठवलं ते असं : मी अजून शाळेत जात नव्हतो तेव्हा हैबतीचे अंक मला थोरला भाऊ वाचून दाखवायचा, आणि हैबती दारात पोचायच्या आधीच मला रडू फुटायचं. भाऊ म्हणायचा, अजून काय झालंय रडायला. मला सांगता यायचं नाही, पण कळायचं. पुढे कितीतरी वर्षं मला वाटत होतं की मी जन्मतःच हुशार होतो. पटका तांबडा असला की कुणाच्या तरी घरी बाळ झालेलं, लगीन ठरलेलं, मुलगा परत येणार असलेला. शेवाळी असला की वाईट बातमी.

"आप्पांना माहीत आहे?" मी विचारलं.

"त्यांना दिसतंय कुठं म्हाईत व्हायला?"

"पण का केलंत असं?"

"ज्याला वाचता येत न्हाई त्यानं काय करायचं?" वैनी म्हणाल्या. त्यांनी एक कप नळाखाली धरला.

लहान पोरीने आईचा पदर धरावा तसा रेवतीने त्यांच्या लुगड्याचा काठ धरला. "मी बाहेर जाऊन सांगते. पटका जसा होता तसा ठेवू. जुने रंगच ठेवू, मी माझं काम परत करेन."

"काय सांगशील? की जादूगाराला रंग दिसत न्हाईत?" वैनींचा आवाज चढला नाही. "त्या पोरानं कागद घेऊन उलट्या पावली पुण्याला जायचं, आन् ह्यांनी परत त्या खुर्चीत बसून जिन्याकडं बघायचं. किती वर्सं बघत्यात म्हाईत हाय तुला? आज दाढी करताना गाणं म्हणत हुते."

"वैनी, तुमचे सगळे रंग जाणार. एकही राहणार नाही."

"जाऊ देत. तुझे बी बरे हायत. जरा घामेजलेत, पण बरे हायत."

मी म्हटलं, "निदान रंगांपुढे तुमचं नाव तरी घालायला लावतो."

"आन् ते वाचून कोण दावणार मला? हेच की." त्यांनी कप पालथे घातले. "तांबडाच कर, पोरी. माझी शपथ हाय."

बाहेर आप्पांनी सही केली होती. अक्षर सुंदर, रेघेत रेघ.

पुस्तक निघालं. कोल्हापुरातच एका सभागृहात प्रकाशन झालं. बाहेर माणसाएवढा हैबती उभा केला होता, तांबड्या पटक्याचा, तेल चोपडल्यासारखा. आप्पा व्यासपीठावर सह्या करत होते, वैनी पहिल्या रांगेत नव्या लुगड्याची घडी सारखी करत बसल्या होत्या. रांगेत माझ्या वयाचीच माणसं जास्त. पोरांच्या नावावर स्वतःसाठी पुस्तक घेणारी.

त्यात गडहिंग्लजच्या एक बाई होत्या, दवाखान्यात नर्स होत्या म्हणाल्या. पुस्तक हातात घेऊन त्यांनी उभ्या उभ्याच पानं चाळली. परत मागे जाऊन चाळली.

"आप्पा, पटका का बदललासा?"

"बदलला न्हाई, बाई. तांबडाच हुता."

"तांबडा चांगल्या बातमीला हुता की. वाईट बातमी आसली की हिरवट असायचा. मला वाचता यायच्या आधीपासनं म्हाईत हाय. आमची आई तर अडाणीच, ती बी पटका बघून सांगायची, ह्या घरात आज कायतरी झालंय बघ. आम्ही दोघी मिळून रडायचो." त्या हसल्या, पण पान त्यांनी बोटाने दाबून धरलं होतं. "हितं बघा. ही म्हातारी मुलगा गेल्याचं पत्र घेती. ह्याच्या डोक्याला तांबडा कसा?"

आप्पांनी त्या पानाकडे बघितलं. मग व्यासपीठावरून खाली, पहिल्या रांगेकडे.

"हौसा, ह्या काय म्हणत्यात?"

"त्यांची कायतरी गफलत हुतीया," वैनी म्हणाल्या. "तांबडाच हुता."

"गफलत कशी, आवो माझ्याकडं घरात अंक हायत," बाई म्हणाल्या. त्यांच्यामागचा एक पोक्त मास्तर म्हणाला, "बरोबर आहे त्यांचं. मलाही तसंच आठवतं." रांगेत आणखी दोन-चार माना हलल्या. सगळ्यांना माहीत होतं. न वाचता येणाऱ्या सगळ्या पोरांना माहीत होतं. माहीत नव्हतं ते एकट्या चित्रकाराला.

आप्पा बायकोकडे बघत राहिले. वैनी लुगड्याच्या घडीकडे. मग मिहिरने रांग पुढे सरकवली. उरलेल्या सह्या आप्पांनी पुस्तकाकडे न बघता केल्या.

दिवाळीनंतर एका सकाळी ते एकटे रिक्षाने माझ्या दुकानी आले. काठी टेकत आत येऊन बसले आणि कापडी पिशवीतून जुने अंक काढले, हैबतीचे, पिवळे पडलेले.

"ही पोरगी कुठाय?"

"रेवती मुंबईला गेली, आप्पा. तिथल्या स्टुडिओनं बोलावलं. पुस्तक बघूनच."

"ब्येस झालं." त्यांनी पहिला अंक उघडला आणि माझ्यापुढे सरकवला. "ह्या पानावर पटका कसला हाय?"

"तांबडा."

"आन् ह्या?"

"हाही तांबडा."

"ह्या?"

मी पान माझ्याकडे ओढलं. "शेवाळी."

त्यांनी ते पान डोळ्यांच्या अगदी जवळ नेलं, लांब धरलं, खिडकीकडे करून बघितलं. मग मांडीवर ठेवलं.

"हौसाला ईचारलं. रोज ईचारतोय. प्रत्येक पानाला म्हणती, तांबडाच. शिव्या दिल्या, पाया पडलो, तांबडाच. अवघा संसार तिच्या डोळ्यांनी केला रं सर्जा, आन् आता तीच मला आंधळा ठेवती."

"त्यांना तुम्हाला लागू द्यायचं नसेल."

"म्हाईत हाय मला." त्यांनी मांडीवरचं पान तळव्याने सपाट केलं. "तिचा भाऊ विहिरीत पडून गेला. मालोजी. पंचमीच्या तोंडावर. त्यांच्या गावातनं कार्ड आलं. वाईट बातमीच्या कार्डाचा कोपरा फाडायची रीत, म्हंजे वाचता न येणाऱ्याला बी कळावं. लिहिणारा पोरगा नवशिका, त्यानं फाडलाच न्हाई. हिला वाटलं, भाऊ पंचमीला न्यायला येतोय त्याचं कार्ड. सबंद दिवस पदराला बांधून हिंडली. शेजारी दावलं. पिशवी भरून ठेवली. संध्याकाळी मी कारखान्यातनं आलो, तर हसत हसत हातात दिलं, वाचा म्हणाली."

मी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.

"मी वाचलं की. सरळ, मोठ्यानं, कपडे बी न बदलता. कागदाकडं बघून वाचत गेलो आन् शेवटपतूर वाचलं. तिच्या तोंडाकडं बघितलंच न्हाई." ते पुन्हा त्या पानाकडे बघू लागले. "त्येच्यानंतर हैबतीचं काम आलं. मला वाटलं, ती इसरली."

त्यांनी शेवाळी पटक्याचं ते पान दोन बोटांत धरलं आणि वरचा कोपरा हळूच फाडला. कागद जुना, आवाजसुद्धा झाला नाही.

"आप्पा," मी पुढे झालो, "असे अंक आता कुठे मिळत नाहीत. नका फाडू."

"आसू दे. आता मला बी कळंल." तो तुकडा त्यांनी शर्टाच्या खिशात, चष्म्याच्या घरात ठेवला. "पुढचं सांग."

मी सांगत गेलो. तांबडा असला की ते पान उलटत. शेवाळी असला की थांबत. त्या दिवशी एवढंच झालं. पुढच्या आठवड्यात ते दुसरे अंक घेऊन आले. त्यानंतर जिना उतरवेना झाला तेव्हा मीच वर जाऊ लागलो, वैनी देवळात गेल्याच्या वेळेला. त्या परत येऊन मला चहा देत, कोपरे फाटलेले अंक टेबलावरून उचलून नीट रचून ठेवत, आणि कशाबद्दल काही विचारत नसत.

तर हिशेब असा. साबडेची दुसरी आवृत्ती निघाली, हैबती बाटल्यांवर आला. रेवतीचं मुंबईत बस्तान बसलं. मी त्या कामाच्या बिलातून नवा स्कॅनर घेतला. किंमत हौसावैनींनी भरली, 'तांबडाच कर, पोरी' या एका वाक्यात, आणि पावतीसुद्धा मागितली नाही. आप्पांना हवं ते सगळं मिळालं. त्याची फेड ते शेवटपर्यंत करत होते, एकेक कोपरा.